खरी भिंत कच्च्या आणि तयार अन्नामध्ये हवी

वर्ध्याहून यवतमाळकडे निघालं आणि देवळी मागे पडली, की कळंबपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना भोजनालयं आणि ढाबे लागतात. बहुतेकांच्या पाटीवर एक ओळ ठळक असते : शाकाहारी स्वयंपाक वेगळा. आमच्याही पाटीवर आहे. कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन आलेली माणसं संकष्टीचा उपास सोडायला आमच्याकडे बसतात आणि बसण्याआधी हमखास विचारतात, "वहिनी, कढई वेगळी हाय ना? झारा वेगळा हाय ना?" मी त्यांना आत नेऊन दाखवते. शेगड्या वेगळ्या, कढया वेगळ्या, पळ्या-झारे वेगळ्या खिळ्यांवर. हा माणसाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि तिथं आम्ही एक पळीसुद्धा इकडची तिकडे होऊ देत नाही.

पण ज्या सुरीनं कोंबडी कापली तिनंच हा कांदा चिरला का, असं मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. मांसाहारी थाळी घेणाऱ्यानं तर नाहीच. त्याच्या लेखी त्या बाजूचं सगळं एकच. आजारपण मात्र तिथूनच येतं. जंतूंना शाकाहारी-मांसाहारी कळत नाही. त्यांच्या दृष्टीनं स्वयंपाकघरात दोनच प्रकारचं अन्न असतं : जे अजून विस्तवावर जायचं आहे ते, आणि जे आता थेट तोंडात जाणार आहे ते. पहिल्यावर काय बसलंय त्याची चिंता विस्तव करतो. दुसऱ्याची चिंता आपणच करायची. भिंत घालायची तर ती या दोघांच्या मध्ये.

आमच्याकडच्या झणझणीत थाळीकडे या नजरेनं बघा. रस्सा तासभर रटरटलेला असतो. भाकरी तव्यावरून उतरून फुफाट्यावर फुगलेली, भात वाफाळता. उरतं काय? कांदा, लिंबू, काकडी, आणि रश्श्यावर वरून टाकलेला हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर. या चार गोष्टींना विस्तव लागलेलाच नसतो. म्हणजे थाळीतली सगळ्यात नाजूक वस्तू कांद्याची फोड आहे, आणि बहुतेक स्वयंपाकघरांत ती चिरायचं काम सगळ्यात नव्या पोराकडे असतं. जागा कुठली, तर उरलेली. म्हणजे कोंबडी कापतात त्याच ओट्याचं टोक.

आमचे आचारी भाऊ जुने आणि हाताला चव असलेले. या विषयावर त्यांचं-माझं बरंच बोलणं झालं. त्यांचं म्हणणं साधं होतं, "वहिनी, एवढा वेळ उकळून रायला रस्सा, त्याच्यात कोनता जंतू वाचते?" रश्श्याच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असतात. कापताना ते मांसावर पसरतात, आणि तुकडा आतपर्यंत ७४ अंशांना पोचला की मरतात. गंजातलं, म्हणजे रश्श्याच्या पातेल्यातलं, सगळं सुरक्षित. पण तोपर्यंत तेच जिवाणू सुरीच्या मुठीवर, ठोकळ्याच्या भेगेत, नळाच्या चावीवर आणि आचाऱ्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यावर जाऊन बसलेले असतात. तिथं रस्सा उकळत नाही. कॅम्पायलोबॅक्टरचे काहीशे जंतूदेखील माणसाला आडवं करायला पुरतात. कच्च्या कोंबडीचं थेंबभर पाणी काकडीवर पडलं, तर तेवढे त्यात सहज असू शकतात.

आणि तक्रार का येत नाही, हेही समजून घ्या. कॅम्पायलोबॅक्टरचा त्रास बहुधा दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. तोवर ट्रकवाला रायपूरला पोचलेला असतो, वऱ्हाडी आपापल्या गावी गेलेले असतात. जुलाब लागले की माणूस शेवटच्या जेवणाला दोष देतो, चार दिवसांपूर्वीच्या कांद्याला नाही. म्हणून "आपल्याकडे आजवर कुणाला काही झालं नाही" हे वाक्य मी कुणाचंच पुरावा म्हणून मानत नाही.

मोठ्या हॉटेलांत रंगांची पद्धत असते. लाल पाट कच्च्या मांसाला, निळा मासळीला, हिरवा कोशिंबिरीला आणि फळांना, पिवळा शिजलेल्या मांसाला, तपकिरी भाज्यांना, पांढरा दूध-बेकरीला. सहा पाट ठेवायला आमच्यासारख्यांकडे ओटा तेवढा लांब नसतो. दोन रंग पुरतात, पण ते दोन कडक पाळायचे. लाल मुठीची सुरी आणि चिंचेच्या लाकडाचा ठोकळा कच्च्या मांसाला, आणि ही जोडी मागच्या मोरीजवळून हलायची नाही. हिरव्या मुठीची सुरी आणि प्लास्टिकचा पाट कच्चं खायच्या जिनसांना. रंगीत मुठीची सुरीच विकत घ्या, मुठीवर टेप गुंडाळून काम भागवू नका. टेपच्या खाली तेलकट मळ बसतो आणि तो घासून निघत नाही.

जागाच नसेल, तर वेळेची भिंत घालता येते. माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. सकाळी ओटा स्वच्छ असतो तेव्हा आधी कोशिंबिरीचं सामान : काकडी, टमाटे, लिंबं, सांबार. सांबाराची जुडी मातीसकट येते आणि कुठल्या पाण्यावर वाढली ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून मुळं कापून, भरल्या बादलीत बुडवून, पाणी बदलत बदलत धुवायची आणि मगच पाटावर घ्यायची. चिरून झालं की झाकणाच्या डब्यात आणि डबा फ्रीजमध्ये. कांदा तेवढा ऐन वेळी चिरतात, पण त्याची जागा दर्शनी काउंटरपाशी, मागच्या मोरीपासून लांब. मग भाज्या. आणि सगळ्यात शेवटी कोंबडी-मटण. त्यानंतर ओटा, ठोकळा, सुरी, नळ, सगळं धुऊन निघाल्याशिवाय तिथं कोथिंबिरीची काडीसुद्धा ठेवायची नाही. यात एक पैसा खर्च होत नाही, फक्त मटणवाल्याला जरा उशिरा यायला सांगावं लागतं.

कोंबडी धुण्याबद्दल. शास्त्र सांगतं, कच्ची कोंबडी धुऊच नका. धुतल्यानं जंतू जात नाहीत, उलट नळाच्या धारेनं शिंतोडे उडून आजूबाजूला पसरतात. मला हे पटलेलं आहे. पण आमच्याकडे पक्षी समोर कापून आणतात, त्याला रक्त आणि पिसांची खुंटं असतात, आणि न धुता शिजवायचं म्हटलं तर उद्यापासून एकही बाई आमच्या मागच्या मोरीत काम करणार नाही. म्हणून आम्ही धारेखाली धरणं बंद केलं. खोल बगोण्यात आधी पाणी भरायचं, तुकडे हलकेच त्यात सोडायचे, हातानं चाळवायचे आणि पाणी मोरीच्या तोंडाशी अगदी खालून ओतायचं. शिंतोडा उडू द्यायचा नाही. शेजारी घासलेली भांडी पालथी घातलेली असतील, तर आधी ती उचलायची. ही भांड्यांची गोष्ट फार ठिकाणी राहून जाते : घासलेल्या ताटांची चळत आणि कोंबडी धुण्याची जागा यांत हातभर अंतर असतं, आणि तीच ताटं कोरडी दिसतात म्हणून थेट वाढायला जातात.

आता फडकं. माझा सगळ्यात जास्त राग या एका वस्तूवर आहे. सकाळी एक फडकं खांद्यावर येतं. ते ओटा पुसतं, सुरी पुसतं, घाम पुसतं, कढईचा कान धरतं आणि शेवटी ताटाच्या काठावर सांडलेला रस्सा पुसून ताट "चकाचक" करतं. ओलं, उबदार आणि त्यात अन्नाचे कण. जंतूंना याहून अधिक काही लागत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि भट्टीशेजारी त्याहून जास्त. ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान जंतू वाढायचं, आणि त्यातही जी ऊब त्यांना मानवते तिथं वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. तीन तासांत एकाचे पाचशेच्या वर. फडकं तर सकाळपासून रात्रीपर्यंत खांद्यावर असतं.

आम्ही जुन्या सुती धोतरांचे आणि लुगड्यांचे हातभर तुकडे करून ठेवले आहेत. एक तुकडा, एक काम, मग दाराशी ठेवलेल्या बादलीत. रात्री सगळे तुकडे सोडा-साबणाच्या पाण्यात उकळायचे, सकाळी उन्हात. ऊन तर आमच्याकडे फुकट आहे. ताटाचा काठ पुसायचा तुकडा वेगळ्या डब्यात असतो आणि त्याला वाढणाऱ्याशिवाय कुणी हात लावत नाही. सुरुवातीला पोरं कुरकुरली, "काऊन एवढे फडके व वहिनी?" आता दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर फडकं दिसलं तर तीच टोकतात.

ओटा आणि ठोकळा धुताना क्रम महत्त्वाचा. आधी साबणानं तेलकटपणा काढायचा, मग टीसीएल. चिकट ओट्यावर टीसीएल ओतलं तर ते त्या चिकटाशीच लढत बसतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच ही ब्लीचिंग पावडर. ताजी असली तर तिच्यात तीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. दहा लिटरच्या बादलीत सपाट एक छोटा चमचा घातला, की लाखात दहा भाग इतकं क्लोरीन होतं, आणि ओट्याला तेवढं पुरे. दोन-चार मिनिटं राहू द्यायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. लगेच फडक्यानं पुसलं तर सगळं मुसळ केरात. पुडी उघडी राहिली तर पावडर मरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडाजवळ तिला कधीही न्यायचं नाही. दोन्ही एकत्र झाली की विषारी वायू निघतो.

फ्रीजमध्ये कच्चं खाली, तयार वर. मसाला लावून मुरत ठेवलेली कोंबडी सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या खोल भांड्यात. वरून एखादा थेंब गळालाच, तर तो तयार अन्नाचा कोंबडीवर पडू दे, कोंबडीचा तयार अन्नावर पडता कामा नये. मुरवणीचं उरलेलं दही-मसाला टाकून द्यायचा, भाजलेल्या तुकड्यांवर ओतायचा नाही. कच्चे तुकडे ज्या परातीतून भट्टीपर्यंत गेले, भाजलेले तुकडे त्याच परातीतून परत आणायचे नाहीत. वीज गेली की फ्रीज उघडायचाच नाही.

"काही झालंच तर परत एक उकळी देऊ" यावर फार लोकांचा विश्वास असतो. सगळ्या जंतूंना तो लागू पडत नाही. आपल्या नाकात, हातावरच्या जखमेत, पिकलेल्या फोडात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. तो अन्नात वाढून विष सोडतो. उकळी आली की जंतू मरतो, विष मात्र तसंच राहतं. म्हणून बोट कापलेला माणूस आमच्याकडे त्या दिवशी वाढत नाही, मळत नाही. त्याला भांडी मोजायला किंवा टेबलं लावायला बसवते, मजुरी कापत नाही. मजुरी कापली तर पुढच्या वेळी तो जखम लपवेल. हातमोज्यांवर माझा फारसा जीव नाही. त्याच मोज्यांनी गल्ल्यातले पैसे घेतात आणि त्याच मोज्यांनी पोळी उचलतात, आणि मोजा आहे म्हणून हात धुणंही थांबतं. गल्ल्यावरच्या माणसानं ताटाला हात लावायचा नाही, हा नियम मला जास्त कामाचा वाटतो.

शेंगदाण्याबद्दलही सांगते. आमच्या अर्ध्या भाज्यांत कूट असतो. क्वचित एखादा प्रवासी सांगतो की शेंगदाणा चालत नाही. तिथं विस्तव काही मदत करत नाही, कारण ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला शिजलेला कूटही तितकाच बाधतो. पळीला लागलेला जरासा कूटसुद्धा घसा सुजवू शकतो. अशा माणसाला मी खरं सांगते, की आमच्या स्वयंपाकघरात कूट सगळीकडे आहे, आणि धुतलेल्या कढईत नव्या तेलावर अंडं किंवा साधं वरण करून देते. तेही जमणार नसेल तर केळी देते आणि पुढच्या मोठ्या गावात जेवा म्हणते.

हे सगळं जंतूंचं झालं. आमच्या मुलखात त्याहून भयंकर एक सरमिसळ आहे. आमचा भाग कापसाचा. पोळ्याच्या आगेमागे फवारणी जोरात असते, आणि तेव्हाच सणवार आणि महालक्ष्म्यांची जेवणावळही. फवारणीच्या औषधाचे डबे जाड, मजबूत, घट्ट झाकणाचे. फेकवत नाहीत. धुऊन त्यात रॉकेल भरलं जातं, पाणी भरलं जातं, तेलही भरलं जातं. २०१३ च्या जुलैत बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ लेकरं गेली. तपासात तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. ते तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेलं होतं. मोनोक्रोटोफॉस हे नाव आमच्याकडे कृषी केंद्रात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१७ च्या फवारणीत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. विष अंगावर आणि श्वासात गेल्यानं काय होतं, ते आम्ही शेजारच्या घरांत पाहिलं आहे. तेच विष ज्या डब्याला लागलं, त्यात कितीही साबण घाला, तो डबा अन्नाजवळ येता कामा नये.

शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या बचत गटाच्या बाया कधी कधी माझ्याकडे येऊन बसतात. त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. तेल सीलबंद पिशवीतून किंवा पिंपातूनच घ्या, सुटं कुणाच्या घरच्या डब्यातून घेऊ नका. भंगारातून आलेला ड्रम पाण्यालाही वापरू नका, कितीही नवा दिसला तरी. शेतात रिकामा झालेला औषधाचा डबा तीनदा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि मग डब्याला भोकं पाडायची. भोक पडलेल्या डब्यात कुणी तेल भरत नाही. आणि घरचा माणूस दिवसभर फवारून आला असेल, तर त्यानं अंग धुऊन कपडे बदलल्याशिवाय चुलीपाशी, पिठाच्या डब्यापाशी यायचं नाही. आमच्याकडे संध्याकाळच्या पाळीला शेतातून थेट येणारी पोरं आहेत. त्यांच्यासाठी मागे न्हाणीघर, साबण आणि खुंटीवर धुतलेले शर्ट ठेवले आहेत. एकदा एका पोराचे वडील म्हणाले, "माय, तू तर त्याले घरच्यापेक्षा जास्त आंघोळ घालून रायली." मी म्हटलं, काकाजी, घरीही घाला, तुमच्या नातीसाठी.

लग्नाच्या मांडवात हे सगळं अवघड होतं, कारण तिथलं स्वयंपाकघर एका रात्रीत उभं राहतं. सामान बिछायत केंद्रातून, म्हणजे मांडव-भांडी भाड्यानं देणाऱ्याकडून येतं, आधीच्या तेरवीतून किंवा भंडाऱ्यातून परस्पर, घाईत विसळलेलं. अंगणात ताडपत्रीवर कांदा चिरतात, त्याच ताडपत्रीवरून माणसं चपला घालून जातात. मी जिथं जेवणाचं काम घेते तिथं भांडी आदल्या रात्री मागवते आणि उतरल्याबरोबर आमच्याच माणसांकडून घासून घेते. मटणाचा गंज मांडवाच्या एका टोकाला, मठ्ठा आणि कोशिंबीर दुसऱ्या टोकाला. दोन्हींकडे वेगळी माणसं, आणि मटणाकडच्या माणसानं मठ्ठ्याकडे फिरकायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा. हात धुवायला साबण आणि तोटीचा ड्रम दोन्ही टोकांना वेगवेगळा. पाण्याच्या ड्रममध्ये तांब्या बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं.

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत चौथी अनुसूची आहे. कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवण्यापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत पुष्कळ गोष्टी तिच्यात लिहिलेल्या आहेत. नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला प्रत्येकाकडे दिसतो. ती अनुसूची मात्र आचाऱ्याला वाचून दाखवलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. आमच्याकडे ती पावसाळ्याच्या तोंडी, सगळे बसून, मोठ्यानं वाचतात. आचारी भाऊ मध्येच थांबवून भांडतात, आणि त्यातूनच आमच्या बऱ्याच रीती ठरल्या. कांदा दर्शनी काउंटरवर हलवायची कल्पना त्यांचीच.

तुळशीचं लग्न झालं की मांडवांची कामं सुरू होतील. बिछायत केंद्राच्या भाऊंनी यंदा मठ्ठ्याची आणि कोशिंबिरीची भांडी वेगळ्या पेटीत द्यायचं कबूल केलं आहे, आणि त्या भांड्यांच्या बुडाला हिरव्या रंगाचा पट्टाही मारून ठेवला आहे. झाकणं मात्र त्यांच्याकडे कमी आहेत. ती आम्ही वर्ध्याहून आणतोय. आसपासच्या गटांना हवी असतील तर दिवाळीआधी मला कळवा, एकदमच घेऊ.